फोटो मी काढला, माणूस कोण ते माहीत नाही

तीन आठवडे झाले, चाळीस सेकंदांची एक क्लिप माझ्या मोबाइलमध्ये पडून आहे आणि ती काही माझ्याच्यानं डिलीट होत नाहीये. झालं असं की आमच्या सोसायटीच्या बी विंगमधनं फायर होजची सहा पितळी नोझलं गेली. पितळ किलोवर जातं, भंगारवाला काही विचारत नाही, त्यामुळं हे अधूनमधून सगळ्याच सोसायट्यांत होतं, पण आमच्याकडं नुकतेच नवीन कॅमेरे बसवले होते आणि त्यांचा खर्च मेंटेनन्समधनं काढलेला होता, त्यामुळं आता चोर सापडलाच पाहिजे असा एक जोर सगळ्यांना चढला. रविवारी सकाळी सेक्रेटरी मला बोलवायला आला. पोरगा आयटीत आहे, माझ्या मुलाच्या वयाचा, मला काका म्हणतो. म्हणाला, "काका, तुम्ही जरा बघा ना, तुमची नजर फोटोतली आहे." हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. स्टुडिओ बंद करून नऊ वर्षं झाली, घरी पासपोर्ट फोटो काढून देतो तेवढंच, बाकी माझ्या नजरेची कुणाला गरज पडत नाही.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. मीटरची पेटी, गणपतीचं मखर, एक पाय तुटलेला कॅरम आणि त्या सगळ्यात एक मॉनिटर. खोलीत चार जण, ओल्या छत्र्यांचा वास, आणि पडद्यावर रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. (डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं, घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे, हे वॉचमननी नंतर सांगितलं.) कॅमेऱ्याच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं केलेलं, ते पांढरं होऊन लकलकत होतं, आणि त्या जाळ्याच्या मागून एक माणूस पार्किंगमधनं येतो, जिन्याकडं जातो, थोड्या वेळानं पिशवी घेऊन परत जातो. डोक्यावर टोपी, पांढरा शर्ट, डावीकडं कलत कलत झटक्या-झटक्यानं चालतोय. चेहरा म्हणाल तर अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्यात नाक, डोळे वगैरे काही नाही, नुसते करडे चौकोन. सेक्रेटरी म्हणाला, "काका, हा इस्त्रीवाल्या मामांचा भाचा वाटतोय ना?" आणि मी पुढं वाकलो, चष्मा वर केला, क्लिप दोनदा मागं न्यायला सांगितली, आणि म्हटलं, खांदे बघा, चाल बघा, तोच आहे.

की "तोच वाटतोय" म्हटलं? आता आठवत नाही.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज होता, फोटोग्राफर काकांनी क्लिप तपासून कन्फर्म केलं आहे. खाली अंगठे. भाच्याला गेटच्या आत सोडायचं नाही असं वॉचमनला सांगितलं गेलं. चौकीतनं एक हवालदार येऊन गेले होते, त्यांनी क्लिप बघितली आणि फक्त एवढंच विचारलं की नक्की सांगता येतंय का, आणि नक्की सांगायची वेळ आली तेव्हा सगळे म्हणाले जाऊ दे, नोझलांसाठी कोण कोर्टात जातंय. म्हणजे तक्रार नाही, केस नाही, काहीच नाही. पण चार दिवसांनी तो पोरगा गावी निघून गेला, लातूरकडं कुठंतरी. मामा पूर्वीसारखेच गेटबाहेरच्या टपरीत इस्त्री करतात. कपडे वेळेवर येतात.

माझ्या डोक्यात त्या दिवसापासून बाबा आहेत.

बाबांचा विट्याला स्टुडिओ होता, एसटी स्टँडकडं जाणाऱ्या रस्त्याला. पुढं काउंटर, मागं पडदा आणि दोन मोठे दिवे, आणि त्याच्या मागं डार्करूम, जिथं हायपोचा, फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास भिंतीतच मुरला होता. मी शाळेतनं आलो की रिटचिंगच्या डेस्कसमोर बसायचो. निगेटिव्हला मागून उजेड, आणि बाबा टोकदार पेन्सिलीनं देवीचे व्रण, डोळ्याखालची वर्तुळं एकेक ठिपका देत भरून काढायचे. मुलीचा स्थळासाठीचा फोटो असला की जास्त वेळ. गंमत म्हणजे लोक सगळ्यात जास्त तक्रार करायचे ती "फोटो माझ्यासारखा आला नाही" अशी, आणि बाबा म्हणायचे, तुम्ही स्वतःला आरशात बघता, आरशात डावं उजवं होतं, तुमच्यासारखे तुम्ही फक्त तुम्हालाच दिसत नाही. गिऱ्हाइकाला ते पटायचं नाही. पण चेहऱ्यावर दिवा तीन फूट इकडचा तिकडं केला की माणूस किती बदलतो, लेन्स जवळ आणली की नाक कसं मोठं होतं आणि कान कसे मागं जातात, हे मी दहा वर्षांचा असल्यापासनं बघतोय. हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त टोचतंय.

त्या काळी पोलीस ठाण्याकडं स्वतःचा फोटोग्राफर नसायचा, आमच्यासारख्याला बोलवायचे. पंचनाम्याचे फोटो, अपघाताचे, विहिरीत सापडलेल्यांचे. बाबा जायचे आणि आले की आधी अंघोळ करायचे, जेवायचे नाहीत. बेवारस प्रेत असलं की ते शिपायाला म्हणायचे, आधी चेहरा पुसून घ्या, नाहीतर घरचे ओळखणार नाहीत. एकदा असाच एक फोटो ओला म्हणून डार्करूमच्या दारातल्या दोरीला चिमट्यानं लावला होता, आणि रस्त्यावरनं जाणारी एक बाई, दुकानात आलेलीसुद्धा नाही, ती थांबली. रस्त्याच्या पलीकडनं. पोस्टकार्डाएवढा फोटो, तोही पाण्यानं चमकणारा. ती काही बोलली नाही, तिथंच खाली बसली. तिचा भाऊ होता. मी तेव्हा काउंटरवर होतो आणि मला त्या फोटोत मेलेला माणूस सोडून काही दिसत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट कोर्टाची. गावाच्या जत्रेत बाबा कुस्त्यांचे फोटो काढत होते, तिथं मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. बाबांच्या एका निगेटिव्हमध्ये मागं, कडेला, काठी उगारलेला माणूस आला होता, पाऊण पाठ फिरवलेली, जोंधळ्याच्या दाण्याएवढं डोकं. सरकारी वकिलांनी बाबांना साक्षीला बोलवलं. तारखा पडत गेल्या, तीन वेळा दुकान बंद करून जाऊन बसले, चौथ्या वेळी पुकारा झाला. मी सोबत गेलो होतो. वकिलांनी विचारलं, फोटो तुम्ही काढला का? हो. निगेटिव्ह हीच का? हीच. मग त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्याकडं हात करून विचारलं, फोटोतला काठी घेतलेला इसम तो आहे का? त्या माणसाच्या लग्नाचे फोटो बाबांनीच काढले होते. आमच्या दुकानासमोरनं रोज जायचा. बाबा म्हणाले, "फोटो मी काढला. माणूस कोण ते मला माहीत नाही."

आई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची की घाबरले, बाकी काही नाही, मोठं घराणं होतं, दुकान चालवायचं होतं. असेलही. बाबांना मी एकदाच विचारलं, ते म्हणाले, मला फोटोत काठी दिसली आणि पाठ दिसली, त्याच्यापुढचं जे होतं ते फोटोत नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. मला तेव्हा ते पळवाटेसारखं वाटलं होतं. अजूनही अर्धं तसंच वाटतं.

क्लिपचा विषय मी माझ्या पुतणीला सांगितला, ती शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करते. सहज सांगावं तसं सांगितलं, पण ती हसली नाही. म्हणाली, "काका, सेक्रेटरीनं आधी नाव घेतलं आणि मग तुम्हाला विचारलं? ओळख परेडीच्या आधी साक्षीदाराला आरोपीचा फोटो दाखवला तर त्या परेडीची काय किंमत राहते माहितीय का?" मग रात्री तिनं एक निकाल पाठवला, ऑस्ट्रेलियाचा, हनीसेट म्हणून. तिकडं सगळ्यात वरच्या कोर्टाला हाय कोर्ट म्हणतात. माझं इंग्रजी कामापुरतं, पण ते मी रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो, आणि वाचता वाचता कानशिलं तापली.

सिडनीच्या बाजूचं एक हॉटेल, २००८ साली तिथं तिघांनी दरोडा घातला. सीसीटीव्हीत दिसतायत, पण एकाचं डोकं आणि चेहरा फडक्यानं झाकलेला. सरकारी पक्षानं शरीररचनाशास्त्राचे एक प्रोफेसर आणले, हेनेबर्ग नावाचे, विद्यापीठातले, नाव असलेले. त्यांनी ते फुटेज बघितलं, आरोपीचे फोटो बघितले आणि सांगितलं की दोघांत शरीराचं साम्य मोठं आहे. साम्य कशात, तर अंग सडपातळ, खांदे नि कंबर यांची ठेवण अशी, पाठीचा कणा कमरेशी आत वळलेला, डोकं लांबट, केस आखूड, कातडीचा रंग सोबतच्यांपेक्षा सावळा, आणि उजव्या हातानं काम करणारा. आणि वेगळेपणाची अशी ठळक खूण एकही नाही. ही यादी त्यांनी त्यांच्या शास्त्राच्या मोठ्या मोठ्या शब्दांत दिली होती. आता ते शब्द काढून टाका आणि परत वाचा. सडपातळ, सावळा, बारीक केस, उजवा. एसटी स्टँडवर उभं राहिलं तर एका गाडीतनं असे आठ जण उतरतील.

आरोपीला शिक्षा झाली, पुढच्या अपिलातही ती टिकली, इतर पुरावाही होता, डीएनए वगैरे. पण ऑगस्ट २०१४ मध्ये हाय कोर्टानं ती शिक्षा रद्द केली आणि खटला पुन्हा चालवायला सांगितला. त्यांचं म्हणणं मला जे कळलं ते असं की प्रोफेसरांचं शरीररचनेचं ज्ञान मोठं आहे यात वाद नाही, पण हे मत त्या ज्ञानातनं आलेलं नाही. पडद्याकडं बघून त्यांना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं, आणि पडद्याकडं तर ज्युरीही बघू शकत होती. फरक एवढाच की प्रोफेसरांच्या तोंडून आल्यामुळं त्या वाटण्याला शास्त्राचा रंग चढला. मी मोबाइल उलटा ठेवला. "तुमची नजर फोटोतली आहे." चष्मा वर करणं, क्लिप दोनदा मागं नेणं, खांदे बघा म्हणणं, हे सगळं मी कुणासाठी करत होतो? निर्णय तर सेक्रेटरीनं नाव घेतलं तेव्हाच झाला होता, मी नुसतं त्याला रिटचिंग केलं.

इथं मला त्या प्रोफेसरांबद्दल थोडं वाईटही वाटतं, म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच दिसत असणार. एकदा दिसलं की दिसतं, ढगात हत्ती दिसला की तो परत ढग होत नाही. बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञांवर इंग्लंडातल्या दोन-तीन संशोधकांनी केलेला एक प्रयोग पुतणीनं सांगितला, २००६ मधला. पाच अनुभवी तज्ज्ञ घेतले, प्रत्येकाला त्यानंच पूर्वी जुळले म्हणून सांगितलेले दोन ठसे दिले, पण ते त्याचेच जुने आहेत हे सांगितलं नाही, उलट असं भासवलं की ही माद्रिदच्या बॉम्बस्फोटातली ती गाजलेली चूक, जिथं एफबीआयनं भलत्याच माणसाचा ठसा जुळवला होता. पाचातल्या चौघांनी आपलंच मत बदललं. ठसे तेच, डोळे तेच. आणि ठसा म्हणजे निदान कागदावर स्थिर पडलेली गोष्ट हो, इथं तर माणूस चालतोय, टोपी घालून, कोळ्याच्या जाळ्यामागनं.

अनोळखी चेहरा जुळवण्यात माणूस मुळातच किती कच्चा आहे, याचा मी वाचलेला सगळ्यात बोचणारा पुरावा माझ्याच धंद्यातला निघाला. ऑस्ट्रेलियातल्याच पासपोर्ट ऑफिसरांची परीक्षा घेतली होती, २०१४ मध्ये छापून आलं ते. समोर माणूस उभा, हातात फोटो, सांगा तोच आहे का. दुसऱ्याच कुणाचा फोटो असताना त्यांनी १४ टक्के वेळा तो पास केला, आणि वीस वर्षं नोकरी झालेला नव्या माणसापेक्षा बरा निघाला असंही नाही. मी आयुष्यात किती हजार पासपोर्ट फोटो काढले असतील, कान दिसू देत, हनुवटी वर, हसू नका, आणि मला कायम वाटत आलं की इतके चेहरे बघितल्यावर आपल्याला चेहरे कळतात. मला प्रकाश कळतो. चेहरे कळतात असं वाटणं वेगळं. हां, रीतसर प्रशिक्षण घेतलेले, कान, व्रण, सुरकुत्या एकेक करून ताडून बघणारे चेहरातज्ज्ञ साध्या माणसांपेक्षा चांगले ठरतात, २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात तसं दिसलंय, म्हणजे ही विद्याच खोटी असं मला म्हणायचं नाही. पण त्यांनासुद्धा आधी फोटोत चेहरा लागतो.

आणि ओळखीच्या माणसाचं उलटं. तिथं फोटो कितीही खराब असू द्या. कॉलेजातल्या प्राध्यापकांची धुरकट सीसीटीव्ही फीत दाखवली तर त्यांचे विद्यार्थी लगेच ओळखतात, आणि त्यांना न ओळखणारे पोलीस तिथं चाचपडतात, असाही जुना प्रयोग आहे. मला ती रस्त्यापलीकडची बाई आठवते.

कुणी म्हणेल मग फोटोचा कोर्टात उपयोगच नाही का, तर तसं कसं म्हणता येईल, आपल्या डोळ्यासमोर कसाबचा फोटो आहे. पाठीला सॅक, हातात रायफल, सीएसटीचा प्लॅटफॉर्म. सेबास्टियन डिसूझांनी तो काढला, टाइम्सच्या इमारतीतनं धावत जाऊन, रेल्वेच्या डब्यात लपून, फ्लॅश न वापरता. दुसऱ्या दिवशी तो बघितला तेव्हा सगळं जग माणसाकडं बघत होतं आणि मी, लाज वाटते सांगायला, पण मी आधी त्या उजेडाकडं बघितलं, एवढ्या कमी उजेडात, हात थरथरत असताना याला हे कसं मिळालं म्हणून. पुढं त्यांनी कोर्टात साक्ष दिली, आणि २०१२ मध्ये फाशी कायम करताना सुप्रीम कोर्टानं डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर या दोन्ही फोटोग्राफरांचं नाव घेऊन कौतुक केलं. पण तिथं ओळख पटवायला तज्ज्ञ लागतोय कुठं? चेहरा समोरनं आहे, माणूस त्याच रात्री गिरगाव चौपाटीला जिवंत पकडलेला आहे, आणि ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या ते लोक, त्यात तेव्हा नऊ वर्षांची असलेली एक मुलगी, कोर्टात येऊन बोट दाखवून गेले. चांगल्या फोटोला तज्ज्ञ लागत नाही आणि जिथं फोटो इतका वाईट की तज्ज्ञ बोलवावा लागतो, तिथं तज्ज्ञालाही तेवढंच दिसतं जेवढं फोटोत आहे. यातली फट नेमकी केवढी, याचा विचार करत मी दोन-तीन रात्री घालवल्या.

पुतणी म्हणते आता सगळं कडक झालंय. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, फुटेजसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं पूर्वीचं कलम ६५ब ते आता कलम ६३. मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर फुटेजसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू म्हणून एक लांबलचक आकडा असतो, फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी तो बदलतो, आणि प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञानं भरून द्यायचा. हे प्रमाणपत्र लागणारच असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलं ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या भांडणात, खोतकर आणि गोरंट्याल, उमेदवारी अर्ज वेळेत भरला का हे निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या कॅमेऱ्यावरनं ठरवायचं होतं. मला हे ऐकून बरं वाटलं, कारण हे सगळं प्रमाणपत्र म्हणजे बाबांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आहे. फोटो मी काढला, निगेटिव्ह हीच. दुसऱ्या अर्ध्या भागाचं प्रमाणपत्र अजून कुणी काढलेलं नाही.

त्या अर्ध्या भागासाठी आता मशीन आलंय. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात सांगितलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं ८० टक्क्यांच्या वर साम्य दाखवलं की ते जुळलं असं धरतात. ऐंशीच का, पंच्याहत्तर का नाही, हा प्रश्न माझ्यासारख्या दहावीला गणितात कसाबसा पास झालेल्यालाही पडतो. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला बायको आणि दोन लहान मुलींसमोर घराच्या अंगणातनं पकडून नेलं, घड्याळांच्या दुकानातल्या चोरीबद्दल. मशीननं त्याच्या जुन्या लायसन्सचा फोटो काढून दिला होता, आणि मग सहा फोटोंतनं त्याला "ओळखलं" ते एका बाईनं, जी चोरीच्या वेळी दुकानात नव्हतीच, तिनं नुसतं फुटेज बघितलं होतं. चौकशीत त्यानं चोराचा फोटो उचलून आपल्या तोंडाशेजारी धरला आणि म्हणाला, हा मी नाही. तीस तास आत. पुढं २०२४ मध्ये शहरानं तीन लाख डॉलर देऊन मिटवलं. ती बाई वाचताना मला माझ्याच शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यासारखी वाटली.

मागच्या शुक्रवारी मला झोप येईना, दीड वाजता उठलो. ही म्हणाली, कुठं निघालात. म्हटलं, आलोच. टोपी घातली आणि खाली गेलो, बी विंगच्या पार्किंगमध्ये, त्याच कॅमेऱ्यासमोर. पाऊस नुकताच थांबला होता, कुठंतरी पन्हाळ ठिबकत होती, कॅमेऱ्याभोवतीचे बारीक लाल ठिपके जळत होते. मी जिन्यापर्यंत गेलो, परत आलो, एक पिशवीही नेली होती बरोबर. वॉचमन खुर्चीत झोपलेला. सकाळी त्याच्याकडनं ते फुटेज मोबाइलवर शूट करून घेतलं आणि बघितलं. पडद्यावर पांढऱ्या शर्टातला एक माणूस डावीकडं कलत, झटक्या-झटक्यानं चालत होता.

मी काळा टी-शर्ट घातला होता.

रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर जातो. डोळ्याला काळे दिसणारे कितीतरी कापडाचे रंग इन्फ्रारेड शोषत नाहीत, परत फेकतात, आणि कॅमेऱ्याला ते फिकट, चक्क पांढरे दिसतात. मला हे माहीत होतं हो! बाबांच्या जुन्या फोटोग्राफीच्या मासिकांत इन्फ्रारेड फिल्मवरचे फोटो असायचे, झाडं बर्फासारखी पांढरी, आकाश काळं, मी तासन् तास बघायचो. आणि त्या खोलीत सगळे पांढरा शर्ट, पांढरा शर्ट म्हणत होते, भाचा मॉलच्या सिक्युरिटीत लागला होता आणि त्याचा युनिफॉर्मचा शर्ट पांढरा, तेव्हा मला ते आठवलं नाही. झटके म्हणाल तर रेकॉर्डिंगला सेकंदाला फ्रेम कमी ठेवल्यात, जागा वाचावी म्हणून, त्यात कुणीही लंगडतच चालेल. आणि डावीकडं कलणं? स्टूल घेऊन बघितलं. रंगाऱ्यांची परांची लागून कॅमेऱ्याचा ब्रॅकेट वाकलाय. त्या कॅमेऱ्यात दुधाची गाडीसुद्धा डावीकडं कलते. तीन खुणांवर मी माणूस ओळखला होता, त्यातली एक रंगाची, एक डीव्हीआरची आणि एक वाकलेल्या पट्टीची.

यातनं भाचा सुटला असंही नाही, हे मला कळतं. तो असूही शकतो. त्या रात्री कोण होतं ते त्या चाळीस सेकंदांत नाही, एवढंच. मी दोन्ही क्लिपा घेऊन सेक्रेटरीकडं गेलो. त्यानं शांतपणे बघितलं, माझी बघून थोडा हसलाही, ब्रॅकेट बसवून घेतो म्हणाला. मी म्हटलं, अरे पण ग्रुपवर टाक ना, की माझी चूक झाली, त्यावरनं काही सांगता येत नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही तर त्या दिवशी एकदम खात्रीनं सांगितलं होतंत." मग म्हणाला, आता सगळं शांत झालंय, परत कशाला उकरायचं. शेवटी मीच टाइप केलं. मोठा मेसेज झाला, इन्फ्रारेड वगैरे. दोघांनी हात जोडलेले पाठवले, एकानं विचारलं की मग नवीन कॅमेरे घ्यायचे का, आणि त्यावर पंचेचाळीस मेसेज झाले.

मामांच्या भाच्यानं जूनमध्ये माझ्याकडनं पासपोर्ट साइझचे फोटो काढून घेतले होते, नोकरीच्या कागदांसाठी, आठ कॉप्या. पांढरा शर्ट घालून, केस पाण्यानं चापून बसवून आला होता, हसू नको म्हटलं तर जास्तच हसत होता. फोटो न्यायला येतो म्हणाला आणि मग हे सगळं झालं. पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये. काल संध्याकाळी ते घेऊन टपरीवर गेलो. खिशात मोबाइल, त्यात दोन्ही क्लिपा. वाटेत मनात येत होतं की त्या चाळीस सेकंदांतला माणूस कोण हे खरं सांगू शकेल असा एकच जण आहे, ज्यानं त्या पोराला रांगायच्या वयापासनं बघितलंय, आणि त्याला आपण कुणी विचारलंच नाही. आणि विचारून तरी काय, ते आपल्या बहिणीच्या पोराबद्दल मला काय सांगणार होते, आणि त्यांनी नाही म्हटलं तर मी विश्वास ठेवणार होतो का, आणि हो म्हटलं तर?

मामा चादरीवर पाणी शिंपडत होते. कोळशाच्या इस्त्रीचा आणि गरम सुताचा वास. मी पाकिटातनं फोटोचा कागद अर्धा बाहेर काढला, नुसते केस आणि कपाळ दिसलं असेल, तेही त्यांच्या बाजूनं उलटं. त्यांनी इस्त्री उभी केली, हात बनियनला पुसला आणि कागद घेतला. पूर्ण काढून बघितलासुद्धा नाही. तसाच पाकिटात सरकवून वरच्या फळीवर, देवाच्या फोटोमागं ठेवला.

"कितीला झाले, साहेब?"

मी म्हटलं, राहू द्या हो मामा. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, हिशेबाची वही काढली, आमच्या फ्लॅटच्या पानावर या महिन्याचे कपडे मोजले, एकशे चाळीस. मग परत विचारलं, आठाचे कितीला देता? साठ, मी म्हटलं. त्यांनी एकशे चाळीसच्या खाली साठ लिहिले, रेघ मारली आणि ऐंशी रुपयांसाठी हात पुढं केला.